जर्मनची गाडी

गाडीला हँडब्रेकच नाही, हे मी पहिल्याच दिवशी साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं. ओरडावं लागलं, कारण तोवर गाडी माझ्याशिवाय निघाली होती. आमच्या गल्लीला उतार आहे. तो माझ्या पायांना लहानपणापासून पाठ होता, पण चाकांच्या बाजूने मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. गाडी दारात उभी करून मी ऐटीत उतरलो, दार लावलं (काय त्या दाराचा आवाज! धाड नाही, खट नाही, जाड गादीवर उशी टाकावी तसा), आईला हाक मारायला उंबऱ्याकडे वळलो, आणि ती लांबलचक करडी गाडी, मोठ्या घरची बाई मानपानावरून रुसून न जेवता मांडवातून उठून जावी तशी, गुपचूप मागच्या मागे चालू लागली. थांबली ती मेहबूबभाईच्या पाण्याच्या ड्रमावर. त्या दिवशी नळ आला होता. सोलापुरात नळ आलेल्या दिवशी शेजाऱ्याचा भरलेला ड्रम आडवा करणं हा काय गुन्हा आहे, ते सोलापूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

मेहबूबभाई टेम्पो चालवायचा. भिजलेली लुंगी पिळत तो बाहेर आला, आधी ड्रमाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. "गाडी लाया सो अच्छा किया रे," तो म्हणाला, "पर नळ के दिन कायकू लाया?" मग त्यानेच आत डोकं घालून दोन सीटांच्या मधे हँडब्रेक शोधला. मीही शोधला. तिथं कोपर टेकायला चामड्याची गादी होती, सिगारेट पेटवायची सोय होती, हँडब्रेक मात्र नव्हता. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या आमच्या कारखान्याच्या सेठनी काढून घेतला असणार, असं मी जाहीर केलं. मेहबूबभाई म्हणाला, गियरमध्ये टाकून ठेवत जा. पण एकदा विश्वास उडाला की उडाला. मी मोरीच्या कडेचा एक चांगला काळा दगड उपसला आणि चाकाखाली लावला. पुढे कित्येक वर्षं मी जिथं गाडी नेली तिथं तो दगड डिकीतून काढून चाकामागे ठेवला, आणि, एक वेळ सोडली तर, निघताना पुन्हा उचलून डिकीत टाकला. वळणावर तो डिकीत गडगडत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचा. पाहुण्यांना वाटायचं गाडीचं काहीतरी निखळलं. घरच्यांना त्या आवाजाची सवय झाली होती.

पुढे ती गाडी मी विकली, तेव्हा घेणाऱ्या माणसाने आत बसून डाव्या पायाने खाली कोपऱ्यातलं एक छोटं पेडल दाबलं. कर्र असा आवाज झाला. "पार्किंग ब्रेक भारी घट्ट आहे की," तो म्हणाला. मी म्हणालो, "वापरातला नाही ना." शोभा, म्हणजे माझी बायको, शेजारीच उभी होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

लहानपणाच्या आणि मोठं होण्याच्या गोष्टी लिहितोय तर त्यात ही गाडी कशाला, असं माझी मुलगी मुक्ता मला फोनवर विचारते. तिच्या गाडीत मागे बघायला कॅमेरा आहे, त्यामुळे तिला असे प्रश्न सुचतात. तिला मी सांगतो, बाई गं, मिशा आल्या, नोकरी लागली, लग्न झालं, तू झालीस, तरी मी मोठा झालो नव्हतो. तो झालो त्या गाडीमुळे. आणि तेही गाडीत बसून नाही.

गाडी आमच्या सेठची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता आणि तयार माल मोजून, गाठी बांधून रवाना करायचं काम माझ्याकडे. सेठनी नवी गाडी घेतली तशी जुनी मागच्या शेडमध्ये, एका खराब निघालेल्या चादरीखाली झोपली. यंत्रमागांची खडखड दिवसरात्र तिच्या कानाशी, आणि सुताची तूस तिच्या नाकातोंडात. ती माझ्याकडे आल्यावर एसी लावला की जाळ्यांमधून आधी तूस उडायची, मग गार हवा. आम्ही एक फेरी मारून डोकी पांढरी करून उतरायचो. गल्लीतली पोरं म्हणायची, काका सकाळी तरणे गेले आणि म्हातारे होऊन आले. आतल्या चामड्याला सुताच्या खळीचा वास होता, रोज माझ्या कपड्यांना यायचा तोच, तो शेवटपर्यंत गेला नाही. आई म्हणायची, "बरं हाय की. घरच्यासारकंच वाटतंय."

पण ती गाडी मी वासासाठी किंवा दारांच्या आवाजासाठी घेतली नाही. एका शब्दासाठी घेतली.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. का म्हणतात ते मला माहीत नाही; आमच्या घरात दुसऱ्या कशाची भांडीच नव्हती, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही. पितळेचा म्हणून एक तांब्या होता, तो बुद्धांच्या तसबिरीपुढे असायचा. बाकी सगळं जर्मन. चहाचं पातेलं आतून काळं, बाहेरून राखेनं घासून चांदीसारखं. शेंगाची आमटी उकळायची ते भगुणं असं चेपलेलं, की चुलीवर एका ठरावीक बाजूनेच बसायचं; उलटं ठेवलं की डुगडुगायचं, मग आई त्याच्या बुडाखाली खापराची चीप सारायची. आणि आईचा डबा. आई बिडी कारखान्यात जायची. सकाळी ज्वारीच्या भाकरी थापल्या की त्यातल्या दोन घडी घालून डब्यात, त्यावर शेंगाची चटणी, झाकण बसत नसे म्हणून वरून फडकं. संध्याकाळी ती आली की आम्ही भावंडं आधी डबा उघडायचो. त्यात भाकरीचा एक चतकोर राहिलेला असायचा. जर्मनचा आणि तंबाखूचा मिळून एक वास त्याला लागलेला असायचा. आजही मी महागातली महाग भाकरी खातो (हॉटेलात मिळते, लोण्याबरोबर), पण तो वास नसला की मला ती अर्धीच वाटते.

शोभा करकंबची. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, तिथल्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. ती शिकायला सोलापुरात आली, आम्ही भेटलो, आणि ठरवलं. आमच्या जाती वेगळ्या. हे एक वाक्य लिहिलं की आपल्याकडच्या वाचकाला मधलं काही सांगावं लागत नाही. लग्न नोंदवून आम्ही दोघं पेढे घेऊन करकंबला गेलो, तेव्हा अण्णा दुकानात गादीवर बसले होते. मागे पितळेची घागर, परात, पिंप, सगळं झगझगत होतं. जुनं भांडं मोडीत घेऊन नवं द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुकानात बसलेल्या चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पितळंच्या मोडीत जर्मन आनलं पोरीनं." चौघं हसले. मग शोभाकडे न बघता, "आता ह्या दारात दोगांनीबी पाय ठिवायचा न्हाय."

पेढे आम्ही एस्टीत खाल्ले. शोभा रडत रडत खात होती. मी रडत नव्हतो, मी त्या वाक्याचा विचार करत होतो. वाईट याचं वाटत होतं की मला ते पटलं होतं. लवकर तापणारं, पटकन पोचा पडणारं, मोडीला फारसं न चालणारं. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला जर्मन म्हणणं ही शिवी नव्हती, ओळख होती.

शोभाची आई, माई, त्यातून वाट काढायची. डोळे दाखवायला म्हणून ती सोलापूरला यायची. एस्टी स्टँडवर, रसवंतीसमोरच्या बाकावर, मायलेकी बसायच्या. माई पिशवीतून येसर मसाला, धपाटे, लिंबाचं लोणचं काढायची, मुक्ताला मांडीवर घ्यायची, आणि करकंबची गाडी लागली की डोळ्यांना पदर लावून चढायची. अण्णांना वाटायचं डॉक्टरांनी औषध घातलंय. मुक्ताला तर 'आज्जी' म्हणजे स्टँडवर मिळणारी एक गोष्ट आहे असंच वाटायचं. मग एकदा माई आलीच नाही. त्या भागातून येणाऱ्या एका कंडक्टरच्या हाती धपाटे आले आणि निरोप आला, गुडघं गेलं, एस्टीची पायरी चढवत न्हाय. शोभाने धपाटे ताटात काढले, सगळ्यांना वाढले, आणि स्वतः त्यांच्याकडे नुसतं बघत बसली. "आता ती यायची न्हाय," ती म्हणाली, "आन् मी जायची न्हाय. मग आता कसं?" तिची करकंबची भाषा घरात क्वचित निघायची. निघाली की प्रकरण गंभीर आहे, हे मला कळायचं.

त्याच सुमारास सेठनी शेडमधल्या चादरीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "घेतोस का? जर्मन गाडी आहे. भंगारात द्यायला जीव होत नाही." पुढचं मी ऐकलंच नाही. जर्मन, एवढंच ऐकलं.

आई आधी घाबरली. "जर्मनची? येवढी मोटी गाडी जर्मनची करत्यात व्हय? आरं, ट्रकानं नुसता धक्का दिला तर पातेल्यागत चेपंल की." तिला मी जर्मनी नावाचा देश समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, गाडीपुढे दोन मेणबत्त्या लावल्या, आणि कडेने जाऊन पत्र्यावर बोटाने वाजवून बघितलंच.

शोभाला मी बेत सांगितला तो रात्रीची भांडी घासून झाल्यावर. गाडीच्या काचा काळ्या. आपण करकंबला जायचं, थेट दुकानासमोर थांबायचं, हॉर्न द्यायचा. माई हळूहळू खाली येईल आणि मागच्या सीटवर बसेल. तिथं एसीत मायलेकींनी वाटेल तेवढं बोलायचं. "अण्णा काय म्हणाले होते? दारात पाय ठेवायचा नाही. चाक ठेवायचं नाही असं म्हणाले होते का? आणि रस्ता तर सरकारचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमचं डोकं पण सेठकडनं सेकंडहँड आणलंय का हो?"

"आणि अण्णा बाहेर आलेच," मी न थांबता म्हणालो, "आणि विचारलं, कुठली गाडी, तर मी सांगणार. जर्मन."

ती हसली नाही. "तुम्हाला आईला भेटवायचंय का अण्णांना गाडी दाखवायचीय?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, "एक कायतरी ठरवा." पण तयारीला लागली. एक साडी काढली, ठेवली, दुसरी काढली. मुक्ताला दोन वेण्या. आणि आई म्हणाली, मी पण येणार, विहीणबाईला मी अजून बघितलंच नाही. आई म्हणजे भरभक्कम बाई. ती बसली की गाडी त्या बाजूला हातभर वाकायची. तिने पहाटे भाकरी थापल्या, शेंगा कुटल्या, आणि आपल्या जुन्या जर्मनच्या डब्यात भरून वरून फडकं बांधलं. मी म्हटलं, आई, अगं स्टीलचा घे की. भांड्यांच्या दुकानदाराकडे हा डबा नेतेस? ती म्हणाली, "डबा बगाय जातोय का भाकरी द्याय?" सकाळपासून घरातल्या बायका मला असेच प्रश्न विचारत होत्या.

मोडनिंबपर्यंत प्रवास राजासारखा झाला. आतून बाहेरचा आवाज नाही, फक्त वळणावर डिकीत दगडाची गडगड. डोक्यावर तूस. मोडनिंबहून आत वळलो, दोन्ही बाजूंना ऊस, समोर उसाच्या ट्रॉल्या. शोभा खिडकीला नाक लावून बसली होती आणि एकेक ओळखत होती: ही अमक्याची विहीर, ते तमक्याचं जांभळीचं झाड, शाळेतनं येताना इथं चप्पल तुटली होती. गाव जवळ आलं तशी ती मागे सरकली, डोक्यावर पदर घेतला आणि सीटमध्ये खाली खाली जात चालली. काच काळी आहे, मी सांगितलं. "असू दे," ती म्हणाली.

आणि वेशीतच गतिरोधक आला. हे गतिरोधक सरकारने घातलेले नव्हते. उसाचे ट्रॅक्टर जोरात जातात म्हणून गावकऱ्यांनी आपल्या हाताने, आपल्या रागाच्या उंचीचे घातले होते. ट्रॅक्टर त्यावरून उड्या मारत जायचे. माझी गाडी जमिनीपासून चार बोटं वर. चाकं चढली आणि खालून आवाज आला, खर्रर्र, पिठलं लागलेलं पातेलं उलथन्यानं खरवडावं तसा. मी मागे घेतली. पुन्हा खर्रर्र. टपरीवरचा एक म्हातारा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "वजं उतरवा वजं! मान्सं उतरवा, मग जाईल."

"मी न्हाय उतरणार," शोभा म्हणाली.

"जरा उतर, पलीकडे गेलं की लगेच बस," मी म्हणालो. आई आधीच उतरली होती. गाडी टुणकन वर झाली. शोभा पदर पुढे ओढून, खाली मान घालून उतरली. गाडी हळूच पलीकडे गेली, सगळी पुन्हा बसली. शंभर पावलांवर दुसरा. पुन्हा उतरा. तिथं बांगड्यांचं दुकान होतं. दुकानातली बाई डोळे बारीक करून बघत होती. "आगं, शोभी न्हवं का ही?" शोभा पटकन आत बसली. पण तिसरा गतिरोधक बरोबर शाळेसमोर, आणि तिथवर बांगडीवाली चालत आली होती. गाडीच्या वेगाने चालणं काही अवघड नव्हतं. "शोभीच की! किती वाळलीस गं! ही पोरगी तुजी व्हय?" तिने मुक्ताचा गाल ओढला, बोटं मोडली. तेवढ्यात पिठाच्या गिरणीतून आणखी दोघी आल्या. "आली का गं शेवटी?" "आन् ह्या कोन? सासूबाई?" आई म्हणाली, "व्हय. लई गतिरोधक हायती तुमच्या गावात. माजी कंबर गेली."

मी पलीकडे जाऊन थांबलो, हॉर्न दिला. शोभाने माझ्याकडे बघितलं. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तिने हाताने मला खूण केली: तुम्ही व्हा पुढं. आणि मग तीही चालू लागली. एका हाताला मुक्ता, बाजूला आई डबा घेऊन, भोवती पाच-सात बायका, आणि बोलणं कसलं तर कुणाची म्हैस व्याली, कोण वारलं, कुणाला तिसरीही मुलगीच झाली. मी पुढे न जाता मागे राहिलो. पुढे बायकांचा घोळका, मागे सावकाश चालणारी जर्मन गाडी, आत एसीत मी एकटा, डोक्यावर तूस. जिला काळ्या काचेआड लपवून आणायचं म्हणून एवढी यातायात केली, ती भर बाजारातून पायी चालली होती. नवरदेव वरातीच्या मागे राहिला तर कसा दिसेल, ते मला त्या दिवशी कळलं.

दुकानासमोर मी गाडी थांबवली आणि खाली उतरून एका हाताने तिला धरून उभा राहिलो, कारण तिथंही उतार होता. अण्णा बाहेर आले. केस पांढरे झाले होते. आवाज ऐकून आले होते हे उघड होतं, पण बायकांच्या घोळक्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुलीकडे तर नाहीच. बघायला काहीतरी हवं म्हणून ते गाडीकडे बघत राहिले. ते पायऱ्या उतरले, बॉनेटवर बोटाचं पेर वाजवलं, टण्ण, घागर वाजवून घेतात तसं, आणि हवेला विचारल्यासारखं म्हणाले, "कशाची हाय?"

या प्रश्नासाठी मी गाडी घेतली होती. आरशासमोर उभं राहून मी ते उत्तर म्हणून बघितलं होतं. मी छाती पुढे काढली. "जर्मन."

शब्द तोंडातून निघाला आणि माझी नजर त्यांच्या मागे गेली. पितळ आता दोनच ओळी होतं. बाकी सगळं दुकान, वरपासून खालपर्यंत, पातेली, डबे, किटल्या, जर्मनने भरलेलं होतं. बांगडीवाली म्हणाली, "बया, येवढी मोटी जर्मनची?" आणि घोळका हसायला लागला. अण्णांचे ओठ हलले, पण ते हसू होतं का काय, मला सांगता यायचं नाही. "तरीच," ते म्हणाले. "पितळंचा आवाज न्हाय तिला."

माझी सगळी तयारी तिथं संपली. माई आतल्या दारात खुर्चीवर बसलेली दिसत होती. तिला उठता येत नव्हतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबून ती उठायचा प्रयत्न करत होती आणि पुन्हा बसत होती. पायऱ्या उतरून गाडीपर्यंत येणं तर लांबच. शोभा पायरीच्या अलीकडे उभी होती, पायांची बोटं पायरीला लागलेली, आणि ती एक वीतही पुढे जात नव्हती. मी सांगितलेला बेत असा तिच्या पायाशी येऊन पडला होता.

तेवढ्यात आई पायऱ्या चढली. तिला कुणी पाय ठेवू नको असं म्हटलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून, धापा टाकत ती सरळ आत गेली. "बसा, बसा, उटू नका," ती माईला म्हणाली. "तुमचं गुडघं, माजी कंबर. ह्या भाकरी आनल्यात." आणि डबा पुढे केला. माईच्या आधी अण्णांचाच हात पुढे गेला. धंदाच तो, समोर भांडं आलं की हात जायचाच. त्यांनी डबा फिरवून बघितला, पोच्यांवरून अंगठा फिरवला.

"जर्मन," ते म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "माज्या लग्नातला. लई पोचं पडल्यात. पन गळत न्हाय."

अण्णा मला काय म्हणाले होते, ते मी आईला कधीच सांगितलं नव्हतं. शोभाने सांगितलं होतं का, हे शोभा सांगत नाही. आईलाच विचारायचं मी आज-उद्या करत राहिलो आणि ते राहूनच गेलं.

अण्णा गादीवर बसले. डब्यातल्या भाकरी त्यांनी एकेक करून पितळेच्या परातीत काढल्या, चटणी वाटीत काढली. आमच्या घरची भाकरी त्या घरच्या परातीत पडताना मी रस्त्यावरून, गाडीला धरून, बघत होतो. मग त्यांनी गादीखालून लाकडी हातोडी काढली, डबा एका गोल ठोकळ्यावर चढवला, आणि पोचे काढायला लागले. टक. टक. टक. सगळे ते ऐकत उभे. चार-पाच पोचे निघाले असतील, तेव्हा ते डब्यावरची नजर न काढता म्हणाले, "उन्हात काय उभी ऱ्हायलीस? गाडीत बसायचं तर गाडीत बस, न्हायतर आत ये. मधी उभं ऱ्हायचं न्हाय. गिऱ्हाईक अडतंय."

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं.

शोभाने चप्पल काढली. एक पायरी, दुसरी, तिसरी; आणि मग ती एकदम धावलीच, आणि माईच्या मांडीत डोकं घालून बसली. माई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "वाळलीस की गं, वाळलीस की." बाजारातल्या सगळ्या बायका डोळे पुसत होत्या, आणि अशा वेळी आमच्या मुक्ताने दारात उभं राहून, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आनंदाने आरोळी ठोकली, "ही तर स्टँडवरची आज्जी!"

हातोडी थांबली. अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. "डोळं दावाय जात व्हतीस न्हवं सोलापूरला?"

माई घाबरली नाही. म्हणाली, "व्हय की. डोळंच निववून येत व्हते."

अण्णांनी डबा ठोकळ्यावर फिरवून घेतला. मग पुन्हा टक, टक सुरू झालं, पण जरा हळू. त्यांनी मुक्ताला बोटाने बोलावलं, तिच्या हातात एक इवलीशी जर्मनची किटली दिली. आणि मग माझ्याकडे हातोडीने खूण करून आईला विचारलं, "आन् ह्ये? ह्ये काय गाडीला टेकू म्हनून ऱ्हानार व्हय?"

"हँडब्रेक नाही," मी रस्त्यावरून म्हणालो. मग मला दगड आठवला. डिकी उघडून मी तो काढला, मागच्या चाकाखाली लावला, हलवून बघितला. अण्णा बघत होते. "चीप लावावीच लागती," ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. मी हात झटकले, चपला काढल्या आणि वर गेलो. मला बसायला पाट मिळाला, पितळेच्या ताटात आमचीच भाकरी मिळाली, आणि येसर आमटी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याचं कारण कुणीही विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर निघालो. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून माईने त्यात धपाटे भरले. डबा ओळखू येत नव्हता, झाकण खटकन बसलं. आई वाटभर ते उघडून मिटून बघत होती. गतिरोधकांना सगळी उतरली, सगळी चढली. आता शोभा आपण होऊन आधी उतरायची आणि टपरीवरच्या म्हाताऱ्याशीसुद्धा दोन शब्द बोलून यायची. वेस मागे पडली, उसातलं मोठं वळण आलं, गाडी वळली, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. डिकीत गडगड झाली नव्हती. मी गाडी थांबवली.

"अगं, दगड राहिला. अण्णांच्या दारात."

मी गाडी वळवायला जागा बघू लागलो. शोभाने काच खाली केली, मागे वळून गावाकडे बघितलं, आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"असू द्या की तितंच," ती म्हणाली. "न्यायला म्हणून परत यावं लागंल."